जुना होम थिएटर रिसीव्हर आणि वेगळा स्टिरिओ ॲम्प्लिफायर: जोडणी नेमकी कोठून घ्यावी?

मंद्रसप्तक

सर्वांना नमस्कार.

माझ्या बाबांनी १९९८ साली घेतलेला ५.१ चॅनलचा (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) होम थिएटर रिसीव्हर मी अजूनही रोज वापरते. त्यात डॉल्बी डिजिटल आणि डीटीएस हे चित्रपटांच्या बहुचॅनल आवाजाचे दोन्ही प्रकार उलगडण्याची सोय आहे, ऑप्टिकल आणि कोॲक्शियल अशी डिजिटल इनपुट आहेत. एचडीएमआय त्या काळी नव्हतेच. चित्रपट असो वा गाणी, त्याचा आवाज मला मनापासून आवडतो आणि तो चालतो आहे तोवर बदलण्याची माझी इच्छा नाही.

अडचण अशी की, गेल्या सहा-सात महिन्यांपासून पुढचा डावा स्पीकर मध्येच गप्प होतो. कधी पाच मिनिटांनी आपोआप सुरू होतो, कधी रिसीव्हर बंद करून पुन्हा लावावा लागतो. स्पीकर आणि वायरी उजवीकडच्या डावीकडे करून पाहिल्या, तेव्हा दोष रिसीव्हरच्या डाव्या बाजूचाच असल्याचे कळले. आतला ॲम्प्लिफायर थकला असावा असे मी धरून चालले. त्यातच नुकतेच घेतलेले माझे मुख्य स्पीकर ४ ओहमचे आहेत (ओहम जितके कमी, तितका ॲम्प्लिफायरवर भार जास्त) आणि रिसीव्हरच्या मागे, टर्मिनलांच्या खाली, ‘किमान ६ ओहम’ असे स्पष्ट छापलेले आहे. या दोन्ही कारणांनी मी ८ ओहमला दर चॅनल ८० वॅट देणारा एक स्टिरिओ इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर घेतला. पुढचे डावे-उजवे स्पीकर त्याने चालवावेत आणि सेंटर व मागचे स्पीकर रिसीव्हरकडेच ठेवावेत, असा माझा बेत आहे.

रिसीव्हरच्या ‘टेप आउट’मधून आरसीए केबल काढून मी ती ॲम्प्लिफायरच्या ‘ऑक्स’ इनपुटला जोडली. सीडी लावल्यावर आवाज आला, तोही उत्तम. परंतु रिसीव्हरचा व्हॉल्यूम वाढवला की केवळ सेंटर आणि मागचे स्पीकर वाढतात, मुख्य स्पीकर होते तेथेच राहतात. ऑप्टिकल केबलने जोडलेल्या प्लेअरवर डीव्हीडी लावली तर मुख्य स्पीकर पूर्ण गप्प. आणि ही जोडणी केल्यापासून, काहीही चालू नसतानाही, दोन्ही मुख्य स्पीकरमधून एक खर्जातली घुमघुम सतत ऐकू येते. मागच्या पॅनेलवर ‘टेप आउट’खेरीज ‘सबवूफर आउट’ आहे आणि सहा चॅनलचे ॲनालॉग इनपुट आहे. यांपैकी कोठून जोडणी घ्यावी, की या रिसीव्हरला हे जमणारच नाही?

तारजोड

हे जमेल असे मला वाटते. तुमच्या ॲम्प्लिफायरमध्ये दोष नाही. जोडणी चुकीच्या जागेवरून घेतली गेली आहे, एवढेच.

रिसीव्हरच्या आत आवाज कोणत्या क्रमाने पुढे जातो हे पाहिले की तुमची पहिली दोन्ही लक्षणे उलगडतात. प्रथम इनपुट निवडले जाते, मग डिजिटल संकेत असेल तर तो डीकोडरमध्ये उलगडून त्याचे सहा चॅनल केले जातात, त्यानंतर व्हॉल्यूम लागतो, त्यापुढे पॉवर ॲम्प्लिफायर असतो आणि शेवटी रिलेमधून, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचमधून, संकेत स्पीकरच्या टर्मिनलांवर येतो. ‘टेप आउट’ हा, पाटाच्या मुख्य दाराआधीच फुटलेल्या फाट्यासारखा, या क्रमात अगदी सुरुवातीला, इनपुट निवडल्यानंतर लगेच बाहेर पडतो. कॅसेटवर ध्वनिमुद्रण करताना कोणी व्हॉल्यूम फिरवला तरी मुद्रणाची पातळी हलू नये, म्हणून तो मुद्दाम तसा ठेवलेला असतो. त्यामुळे त्याच्यावर व्हॉल्यूमचा परिणाम होत नाही. तो ॲनालॉग फाटा असल्यामुळे ऑप्टिकलने आलेला संकेत बहुतेक जुन्या रिसीव्हरांमध्ये त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही, आणि म्हणूनच तुमच्या डीव्हीडीला मुख्य स्पीकर मुके राहिले.

तुम्हाला हवी असलेली जागा म्हणजे ‘प्री आउट’. ती व्हॉल्यूमनंतर आणि पॉवर ॲम्प्लिफायरच्या आधी असते. तेथे डीकोडिंग, चॅनलची पातळी, विलंब, बास-ट्रेबल हे सर्व होऊन गेलेले असते आणि संकेत मात्र अजून लहान, साधारण १ व्होल्टच्या आसपास असतो. बाहेरच्या ॲम्प्लिफायरला नेमका तसाच संकेत लागतो. ‘सबवूफर आउट’ही तसे पाहता प्री आउटच आहे, परंतु त्यातून फक्त खालच्या स्वरांचा एकच, मोनो संकेत येतो, त्यामुळे तो या कामाचा नाही. सहा चॅनलचे ॲनालॉग इनपुट तर आत येण्याची वाट आहे, तेथून बाहेर काही मिळत नाही.

आता एक विनंती. टॉर्च घेऊन मागचे पॅनेल पुन्हा नीट पाहा. त्या काळच्या काही रिसीव्हरांमध्ये पुढच्या दोन चॅनलांसाठी ‘प्री आउट’ आणि ‘मेन इन’ (आतल्या पॉवर ॲम्प्लिफायरचे इनपुट) असे शेजारी-शेजारी चार सॉकेट असत आणि ते केसातल्या पिनेसारख्या वाकवलेल्या धातूच्या पिनांनी कारखान्यातच जोडून दिलेले असत. पाहणाऱ्याला ते सॉकेट आहेत असे वाटत नाही, पॅनेलचाच एखादा भाग वाटतो.

एक सावधगिरी आजच सांगून ठेवतो. रिसीव्हर आणि नवा ॲम्प्लिफायर या दोघांच्याही स्पीकर वायरी एकाच स्पीकरला एकाच वेळी कधीही जोडू नका. एकाचे आउटपुट दुसऱ्याच्या आउटपुटमध्ये शिरले तर क्षणात दोघांपैकी एक, किंवा दोन्ही, निकामी होऊ शकतात.

मंद्रसप्तक

तारजोड, आपले अनेक आभार. आपण म्हणता तसेच आहे. स्पीकर टर्मिनलांच्या वरच्या अंगाला चार सॉकेट आहेत, वरच्या दोघांवर ‘प्री आउट’ आणि खालच्या दोघांवर ‘मेन इन’ असे लिहिलेले आहे, आणि दोन वाकड्या पिना त्यांत बसवलेल्या आहेत. इतकी वर्षे मी त्या पिना पॅनेल घट्ट धरून ठेवण्यासाठी असाव्यात असे समजत होते.

आणखी एक गोष्ट दिसली. उजवीकडची पिन पांढरी स्वच्छ आहे. डावीकडची मात्र काळसर पडली आहे आणि बोट लावले की किंचित हलते. याचा डाव्या स्पीकरशी काही संबंध असू शकेल का?

जुना श्रोता

संबंध असण्याची शक्यता बरीच आहे, आणि हे वाचून मला आनंद झाला, कारण असे असेल तर तुमच्या बाबांच्या रिसीव्हरमध्ये फारसे काही बिघडलेलेच नाही.

मुख्य स्पीकरकडे जाणारा सगळा संकेत त्या दोन पिनांमधूनच जातो. पंचवीस वर्षांत धातूवर काळा थर चढतो, सॉकेटची पकड सैल होते, आणि संकेत जेमतेम १ व्होल्टचा असल्यामुळे तो तेवढ्या थरानेही अडू शकतो. रिसीव्हर तापला की धातू किंचित प्रसरण पावतो, स्पर्श पुन्हा जुळतो, आणि स्पीकर ‘आपोआप’ सुरू होतो.

माझ्याकडच्या एका जुन्या रिसीव्हरला हेच झाले होते. मी त्याचे झाकण उघडून रिलेपर्यंत पोहोचलो, दोन संध्याकाळी त्यात घालवल्या, आणि दोष बाहेरच, माझ्या डोळ्यांसमोर, त्या पिनेत होता. म्हणून आधी पिनेची परीक्षा करा. रिसीव्हर पूर्ण बंद करा, प्लग काढा, काही मिनिटे थांबा आणि मग दोन्ही पिना सरळ मागे ओढून काढा. चालू रिसीव्हरची पिन काढू नका. ‘मेन इन’ उघडे पडताच स्पीकरमधून मोठा गडगडाट येतो आणि ट्वीटर (उंच स्वरांचा लहान स्पीकर) जाण्याची भीती असते. काढलेल्या पिनांची अदलाबदल करून त्या पुन्हा बसवा. दोष उजवीकडे गेला तर काळी पिनच दोषी आहे. दोष डावीकडेच राहिला तर सॉकेट किंवा रिलेचा संशय धरावा. रिलेच्या दोषाची खूण वेगळी असते. हळू आवाजात चॅनल फाटका येतो किंवा गायब होतो आणि व्हॉल्यूम झटकन वाढवला की परत येतो, कारण मोठ्या प्रवाहाने संपर्कावरचा थर तेवढ्यापुरता भेदला जातो.

पिन साफ करायला पॉलिश पेपर वापरू नका, वरचा मुलामा खरवडला जातो. इलेक्ट्रॉनिक संपर्कांसाठी मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर कापडावर घेऊन पिन पुसा आणि सॉकेटमध्ये त्याचा एक फवारा मारून कोरडे होऊ द्या. सॉकेट सैल असेल तर साधी आरसीए केबल घालून पाहा. तिची बाहेरची कडी आणि मधली पिन दोन्ही घट्ट बसत असतील तर काळजीचे कारण नाही.

मंद्रसप्तक

जुना श्रोता, पिनांची अदलाबदल केली आणि तासाभराने उजवा स्पीकर गप्प झाला! दोष पिनेचाच आहे. क्लीनरने पुसल्यावर कापडावर काळे डाग उतरले आणि पिन जवळजवळ पूर्वीसारखी झाली. काल रात्रीपासून दोन्ही स्पीकर अखंड चालू आहेत.

आता प्रश्न असा, की ॲम्प्लिफायर घेण्यामागचे अर्धे कारणच उरले नाही. तो परत करावा का? घरातल्यांचे मत तसे पडते आहे, पण मला ४ ओहमची धास्ती वाटते.

तारजोड

माझे स्पष्ट मत आहे की ठेवावा, आणि कारण तुम्हीच लिहिले आहे.

तेवढ्याच व्होल्टेजला ४ ओहमचा स्पीकर ८ ओहमच्या स्पीकरच्या दुप्पट प्रवाह ओढतो. तुमच्या रिसीव्हरचा एकच ट्रान्सफॉर्मर पाचही चॅनलांना वीज पुरवतो आणि त्याची उष्णता एकाच हीटसिंकवाटे बाहेर पडते. हळू आवाजात तो हे निभावून नेईल, पण एखाद्या जोरकस प्रसंगाला एकतर संरक्षण यंत्रणा त्याला बंद करील किंवा, ते व्हायच्या आधी, आवाज कर्कश होऊ लागेल. काही रिसीव्हरांना मागे ४ आणि ८ ओहमचा स्विच असतो. तो ४ वर टाकल्याने हे साधते असा समज आहे, परंतु बहुतेक ठिकाणी तो स्विच आतले व्होल्टेज उतरवून उष्णता आटोक्यात ठेवतो आणि त्याबरोबर ताकदही घटते. पुढचे दोन स्पीकर बाहेर काढले की रिसीव्हरचा सगळा पुरवठा सेंटर आणि मागच्या स्पीकरांना मोकळा होतो. चित्रपटातले बहुतांश संवाद सेंटरमधून येतात, त्यामुळे याचा फायदा तुम्हाला तेथेही जाणवेल. तुमचा नवा ॲम्प्लिफायर ४ ओहमसाठी योग्य असल्याचे त्याच्या मागे किंवा पुस्तिकेत लिहिलेले आहे ना, एवढे मात्र आधी पाहून घ्या.

अपेक्षा मात्र माफक ठेवा. वॅट दुप्पट झाले तरी आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला जेमतेम लक्षात येईल इतका. त्यामुळे घर दणाणून जाईल अशा अपेक्षेने ही जोडणी करू नये. जोराच्या जागी आवाज मोकळा राहावा, यासाठी करावी.

आता जोडणी. दोन्ही यंत्रे बंद आणि प्लगवेगळी असताना पिना काढा, ‘प्री आउट’च्या डाव्या-उजव्या सॉकेटांतून आरसीए केबल ॲम्प्लिफायरच्या ‘ऑक्स’ला न्या आणि मुख्य स्पीकरच्या वायरी रिसीव्हरवरून सोडवून ॲम्प्लिफायरला लावा, लाल लालला आणि काळी काळीला. ‘मेन इन’ मोकळे राहील. त्या बाजूला आता स्पीकर नसल्यामुळे त्याने काही बिघडत नाही. केबल ‘फोनो’ला चुकूनही लावू नका. तेथे ग्रामोफोनच्या सुईसाठी सुमारे ४० डेसिबलचे जादा प्रवर्धन असते आणि खालचे स्वर उचलणारे आरआयएए इक्वलायझेशनही असते. प्री आउटचा संकेत तेथे गेला तर फाटका, ढबढबीत आवाज येईल आणि स्पीकरला धोका राहील.

यानंतरचा प्रश्न दोन व्हॉल्यूमचा आहे आणि बहुतेक लोक येथेच फसतात. तुमच्याकडे नुसता पॉवर ॲम्प्लिफायर नसून इंटिग्रेटेड आहे, म्हणजे त्याला स्वतःचा व्हॉल्यूम आहे. काही इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायरांना ‘होम थिएटर बायपास’ नावाचे इनपुट असते, ज्यात तो व्हॉल्यूम वगळला जातो. तुमच्याकडे ते नसेल तर ॲम्प्लिफायरचा नॉब एका ठरावीक जागी कायमचा ठेवायचा आणि रोजचा कमी-जास्त आवाज केवळ रिसीव्हरवरून करायचा. तरच पाचही स्पीकर एकत्र वर-खाली होतील.

ती जागा कोणती, याचा अंदाज हिशेबाने येतो. ८ ओहमला ८० वॅट म्हणजे सुमारे २५ व्होल्ट. इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायरच्या ‘ऑक्स’ची संवेदनशीलता, म्हणजे पूर्ण ताकदीसाठी लागणारा संकेत, २०० मिलिव्होल्ट धरली, तर नॉब पूर्ण उघडा असताना तो संकेत सुमारे १२६ पट वाढवतो. रिसीव्हरच्या आतला पॉवर ॲम्प्लिफायर मात्र साधारण २८ पट, म्हणजे २९ डेसिबल वाढवतो असे धरू. १ व्होल्टचे २८ व्होल्ट होतात आणि ८ ओहमला जवळपास १०० वॅट मिळतात. दोघांची बरोबरी व्हायची तर तुमचा नॉब पूर्णाहून सुमारे १३ डेसिबल खाली हवा, आणि तो सामान्यतः मध्याच्या थोडा पुढे-मागे येतो. तुमच्या पुस्तिकेतले आकडे वेगळे असतील तर तेच घेऊन हा हिशेब करा.

हिशेबानंतर खरे काम कानाचे आणि मीटरचे. रिसीव्हरमध्ये सर्व चॅनलांच्या पातळ्या शून्यावर आणा, ‘टेस्ट टोन’ सुरू करा आणि रोज बसता तेथे बसून फोनमधल्या ध्वनिमापक ॲपवर सेंटरचा आकडा पाहा, समजा ७५ डेसिबल. फोनचा आकडा अचूक नसला तरी चालतो, कारण तुम्हाला फक्त तुलना करायची आहे. मग कोणाला तरी ॲम्प्लिफायरजवळ उभे करा आणि डाव्या-उजव्याचा आकडा सेंटरइतका होईपर्यंत नॉब हळूहळू फिरवायला सांगा. राहिलेला एखाद-दोन डेसिबलचा फरक रिसीव्हरच्या चॅनल पातळीने भरून काढा. नॉबच्या कडेला कागदी चिकटपट्टीचा लहान तुकडा लावून ती जागा पेनाने आखा.

चालू करताना रिसीव्हर आधी आणि ॲम्प्लिफायर नंतर. बंद करताना ॲम्प्लिफायर आधी. रिसीव्हर चालू-बंद होतानाचा धक्का मग स्पीकरपर्यंत पोहोचत नाही.

शांत वेळ

तारजोड यांच्या उत्तराशी सहमत आहे. गाण्यांच्या बाबतीत एक भर घालतो. तुम्ही सीडी ऐकता असे लिहिले आहे. सीडी प्लेअरला ॲनालॉग आणि डिजिटल अशी दोन्ही आउटपुट असतील, तर ॲनालॉग थेट नव्या ॲम्प्लिफायरच्या ‘सीडी’ इनपुटला न्या आणि डिजिटल रिसीव्हरकडे राहू द्या. निव्वळ गाणी ऐकायची असतील तेव्हा रिसीव्हर चालू करण्याचीही गरज उरणार नाही. जुन्या रिसीव्हरच्या आतली इतकी सगळी वळणे टाळून दोन चॅनल सरळ स्पीकरपर्यंत आले की गायकाच्या श्वासापर्यंतचे बारकावे अधिक स्वच्छ ऐकू येतात, असा माझा अनुभव आहे.

यात दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. थेट सीडी ऐकताना सबवूफर गप्प राहील, कारण त्याचा संकेत रिसीव्हरमधून येतो. चित्रपटाच्या वेळी रिसीव्हरच्या मेनूमध्ये मुख्य स्पीकर ‘स्मॉल’ ठेवले असतील, तर खालचे स्वर सबवूफरकडे वळतात आणि प्री आउटमधून ते कापूनच येतात. थेट सीडीला मात्र तेच स्पीकर पूर्ण स्वरपट्टी वाजवतात. आवाजाच्या वजनातला फरक त्यामुळे पडतो, जोडणीच्या चुकीने नव्हे. दुसरी गोष्ट अशी की, सीडी ऐकताना तुम्ही ॲम्प्लिफायरचा नॉब फिरवणारच. चित्रपट लावण्याआधी तो आखलेल्या जागी परत आणणे ही सवय घरातल्या प्रत्येकाला लावावी लागेल.

मंद्रसप्तक

सांगितल्याप्रमाणे सर्व केले. नव्या ॲम्प्लिफायरच्या मागे ‘४ ते १६ ओहम’ असे छापलेले आहे, त्यामुळे ती शंका मिटली. डीव्हीडीचा आवाज पाचही स्पीकरमधून आला आणि रिसीव्हरच्या व्हॉल्यूमने सगळे एकत्र हलले. नॉब मध्याच्या जरा पुढे आला. परंतु ती घुमघुम गेलेली नाही. प्री आउटवरूनही तीच, आणि रिसीव्हरचा व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी तेवढीच.

जुना श्रोता

व्हॉल्यूमने ती बदलत नाही, म्हणजे ती व्हॉल्यूमच्या पुढे, दोन यंत्रांमधल्या जोडणीत शिरते आहे. याला ग्राउंड लूप म्हणतात. दोन यंत्रे जमिनीशी दोन वेगळ्या वाटांनी जोडली गेली की त्या वाटांमधला सूक्ष्म विद्युतदाबाचा फरक आरसीए केबलच्या बाहेरच्या जाळीतून वाहू लागतो आणि विजेच्या ५० किंवा ६० हर्ट्झचा, किंवा त्याच्या दुपटीचा, स्वर ऐकू येतो.

रिसीव्हरला, किंवा त्याला जोडलेल्या टीव्हीला वा सेट टॉप बॉक्सला, बाहेरून येणारी केबल किंवा अँटेनाची वायर लागलेली आहे का? असेल तर ती भिंतीपाशी काढून पाहा. घुमघुम त्या क्षणी थांबली तर चोर सापडला. अशा वायरीवर बसवायचा गॅल्व्हॅनिक आयसोलेटर मिळतो. तो चित्र जाऊ देतो आणि जमिनीची वाट तोडतो. वायर काढूनही घुमघुम राहिली तर दोन्ही यंत्रे एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावून पाहा, विजेच्या वायरी आरसीए केबलपासून हातभर दूर न्या, आणि तरीही राहिल्यास प्री आउटच्या केबलमध्ये लाइन लेव्हलचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला.

प्लगची अर्थिंगची पिन कापण्याचा किंवा तिच्यावर टेप लावण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. तो कृपया ऐकू नका. घुमघुम त्याने कदाचित थांबेल, परंतु आत एखादी वायर सुटून धातूच्या पेटीला लागली तर वीज जमिनीत जाण्याऐवजी हात लावणाऱ्याच्या अंगातून जाईल.

नवशिका कान

ही चर्चा वाचून एक प्रश्न विचारतो. माझ्या रिसीव्हरवर ‘प्री आउट’ अजिबात नाही. पिनाही नाहीत, टॉर्च लावून पाहिले. फक्त सबवूफर आउट आणि हेडफोनचे सॉकेट आहे. माझ्यासाठी काही मार्ग आहे का?

तारजोड

मार्ग आहे, पण तो तडजोडीचा आहे. स्पीकर टर्मिनलांवरचा मोठा संकेत लाइन लेव्हलपर्यंत, म्हणजे प्री आउटसारख्या लहान पातळीपर्यंत, उतरवणारे कन्व्हर्टर तयार मिळतात. आत मुख्यतः रेझिस्टरची जोडी किंवा लहान ट्रान्सफॉर्मर असतो. दर चॅनलला १० किलोओहम आणि ३९० ओहमची जोडी घेतली तर २८ व्होल्टचे सुमारे १ व्होल्ट होतात. मात्र लक्षात घ्या, अशा जोडणीत रिसीव्हरच्या पॉवर ॲम्प्लिफायरचा आवाज आपल्या सगळ्या गुणदोषांसह पुढच्या ॲम्प्लिफायरला मिळतो. स्पीकर ४ ओहमचे असल्यामुळे रिसीव्हरवरचा भार कमी करायचा असेल तर उपयोग आहे. आवाज सुधारावा म्हणून करत असाल तर मी सुचवणार नाही.

आणि त्याआधी एक तपासणी आवश्यक आहे. रिसीव्हर बंद व प्लगवेगळा असताना मल्टिमीटरने प्रत्येक काळे टर्मिनल आणि आरसीए सॉकेटची बाहेरची कडी यांमधला रोध मोजा. तो जवळजवळ शून्य असेल तर काळी बाजू जमिनीशी जोडलेली आहे आणि रेझिस्टरचा साधा कन्व्हर्टर चालेल. तसे नसेल तर त्या रिसीव्हरचे आउटपुट ब्रिज पद्धतीचे, म्हणजे लाल आणि काळ्या दोन्ही टर्मिनलांवर संकेत असलेले, असण्याची शक्यता आहे. अशा वेळी काळ्या बाजू एकत्र आल्या की आउटपुट शॉर्ट होते, म्हणून तेथे फक्त ट्रान्सफॉर्मरचा कन्व्हर्टर वापरावा.

हेडफोनच्या सॉकेटमधून केबल काढणे विजेच्या दृष्टीने सुरक्षित आहे, आवाजही ठीक येतो. परंतु प्लग घालताच बहुतेक रिसीव्हर सर्व स्पीकर बंद करून आवाजाचे दोन चॅनल करतात, त्यामुळे ५.१ तेथेच संपते. केवळ गाण्यांसाठी हवे असेल तर मी कन्व्हर्टरऐवजी तेच करीन.

तुमचा दुसरा ॲम्प्लिफायर व्हॉल्व्हचा असेल तर स्पीकर न जोडता तो चालू करू नका. त्याच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरला ते सोसत नाही.

मंद्रसप्तक

चोर सापडला. सेट टॉप बॉक्सची केबल भिंतीपाशी काढली आणि घुमघुम थांबली. परत लावली, परत सुरू झाली. आयसोलेटर बसवल्यावर कान स्पीकरच्या जाळीला लावला तरी फक्त बारीक सळसळ ऐकू येते, ती रिसीव्हरचीच असावी.

काल रात्री बाबांना बसवून त्यांच्या आवडीची एक मैफल सीडीवरून थेट ॲम्प्लिफायरवर लावली. तानपुरा सुरू झाल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग, डावीकडचा तानपुरा आता पुन्हा नीट ऐकू येतो, एवढेच म्हणाले. नॉबवरची पट्टी त्यांना दाखवून ठेवली आहे. दोन्ही पिना एका लहान पाकिटात घालून रिसीव्हरच्या मागच्या बाजूला चिकटवल्या आहेत आणि पाकिटावर त्या कोणत्या सॉकेटच्या आहेत ते लिहिले आहे, म्हणजे पुढे कधी ॲम्प्लिफायर काढावा लागला तर रिसीव्हर एकटा चालवता येईल.